माझा चार स्टारवाला मचॅम्प मित्राच्या दोन स्टारवाल्यापेक्षा कमजोर काऊन? दीड महिन्यापासून ट्रेनिंग करून राहिलो

मानेवाड्याचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, पोकेमॉन गो खेळणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, बाकीच्यांनी सरळ पुढं जा.

तर झालं असं की मला रिसर्च टास्कमधून, म्हणजे गेमनं दिलेलं काम पूर्ण करून, चार स्टारचा मचॉप भेटला. अटॅक, डिफेन्स, एचपी (म्हणजे जीव) तिन्हीत १५ पैकी १५, म्हणजे १५/१५/१५, तिन्ही पट्ट्या फुल्ल लाल. आयुष्यात पहिल्यांदा भेटला म्हणून लगेच सगळ्या कँडी टाकून त्याला इव्हॉल्व्ह केला, म्हणजे पुढच्या रूपात नेऊन मचॅम्प केला, वरून ५०,००० डस्ट (पोकेमॉन पकडून जमा होणारी गेममधली धूळ) देऊन दुसरी मूव्ह, म्हणजे दुसरा वार पण उघडला. सीपी, म्हणजे ताकदीचा एकूण आकडा, झाला १३१०. मग एका जुन्या व्हिडिओत पाहिलं की आपल्याच टीमच्या जिमवर (गेममधला लढाईचा अड्डा) जाऊन ट्रेनिंग करायची असते, म्हणून दीड महिन्यापासून मी रोज संध्याकाळी कॉलेजमधून येताना नागपूरच्या फुटाळा तलावावर थांबून राहिलो आणि याच एका मचॅम्पला घेऊन जिमवर आठ-दहा फाइट मारून राहिलो. फोन इतका तापते की कव्हर काढून धरावा लागते. आपल्या टीमचं जिम असलं की काही करताच येत नाही, मग दुसऱ्या टीमचं शोधत बसतो.

सीपी आजही १३१०. एक पॉइंट वाढला नाही.

आता खरी गोष्ट. परवा जिमवर कोणाचा तरी टायरानिटार बसला होता. मित्र सोबत होता, त्याचा पण मचॅम्प, पण दोन स्टारवाला, अंबाझरीला फिरताना पकडलेला. आधी मी गेलो तर माझा मचॅम्प अर्ध्यातच आडवा. मग तो गेला आणि त्याच्या त्या भंगार मचॅम्पनं टायरानिटार असा झोपवला की माझं तोंड पाहण्यासारखं झालं.

म्हणून प्रश्न असे की किती फाइट मारल्यावर एक स्टॅट वाढते? कोणत्या जिमवर ट्रेनिंग लवकर होते? बडी (आपल्यासोबत चालणारा पोकेमॉन) बनवून चालवलं, बेरी खाऊ घातल्या तर अटॅक वाढते का? आणि चार स्टारवाला दोन स्टारवाल्याकडून हरूच कसा शकते? जाणकारांनी सांगा, हसू नका.

तर्री_जास्त

तो मित्र म्हणजे मीच बे 😂 भंगार कोणाला म्हणून राहिला? ९/१२/११ आहे माझा, सीपी २७२१, आणि एक रुपया डस्ट लावली नाही त्याच्यावर, जंगलीच असा भेटला, फक्त कँडी लागली. याला मी तिथंच सांगून राहिलो होतो की तुझा लेवल कमी आहे तर म्हणते तू माझ्यावर जळतो.

जुना_ट्रेनर_२०१६

अरे बाप्पा, दीड महिना. बाळा, हसत नाही, कारण हेच मी पण केलं आहे, फक्त तेव्हा त्याला थोडाफार अर्थ होता.

तू पाहिलेला व्हिडिओ २०१७ च्या जूनच्या आधीचा असेल, लिहून देतो. तेव्हा जिम वेगळे होते. आपल्या टीमच्या जिमवर आपल्याच लोकांच्या पोकेमॉनशी लढता यायचं आणि त्यालाच ट्रेनिंग म्हणायचे. पण तेव्हाही ट्रेनिंग व्हायची जिमची, पोकेमॉनची नाही. जिमला प्रेस्टिज नावाचा आकडा असायचा, तो वाढला की जिमची लेवल वाढायची आणि अजून एकाला आत बसायला जागा व्हायची. आम्ही चार-पाच जण गांधीसागरच्या काठावर रात्री साडेदहाला उभे राहून हे करायचो, चौकीदार येऊन विचारायचा की इथं काय हरवलं. जून २०१७ मध्ये जिम बदलले, आता आत बसलेला पोकेमॉन हळूहळू उत्साह गमावतो आणि बेरी खाऊ घातली की परत जोमात येतो, तो प्रेस्टिजचा प्रकारच गेला. शब्द मात्र जुन्या व्हिडिओंमध्ये राहून गेला आणि तुझ्यासारखी पोरं त्यात अडकतात.

दुसरा घोळ होतो तो हातातल्या कन्सोलवर खेळलेल्यांचा. त्या मूळ गेममध्ये लढाई जिंकली की समोरच्या पोकेमॉनप्रमाणं स्टॅटचे छुपे पॉइंट मिळतात, एका स्टॅटला जास्तीत जास्त २५२ आणि सगळे मिळून ५१०. तिथं खरोखर घासून घासून पोकेमॉन तयार करता येतो. गो मध्ये हा भागच नाही. तू मचॅम्पला घेऊन हजार फाइट मार, तो पहिल्या फाइटला होता तसाच हजाराव्या फाइटला राहणार. लढायची सवय तुला लागेल, त्याला नाही.

गो मध्ये एका पोकेमॉनची ताकद तीन गोष्टींनी ठरते. एक त्याच्या जातीचे आकडे, मचॅम्पचा अटॅक २३४, डिफेन्स १५९, एचपी २०७, हे सगळ्या मचॅम्पला सारखेच. दुसरं ते तुझे १५/१५/१५, जे या आकड्यांत मिळवतात. आणि तिसरी लेवल. आता बघ, जातीचा अटॅक २३४ आणि तुझे वरचे १५, म्हणजे २४९. तुझ्या मित्राचे ९ म्हणजे २४३. सहाचा फरक, अडीच टक्के पण नाही. त्या लाल पट्ट्या पाहून आपल्याला वाटतं दुप्पट असेल, कारण गेम पट्टी फक्त त्या वरच्या पंधराची दाखवतो, खालचे २३४ दाखवतच नाही. माझ्या मते सगळा गैरसमज त्या पट्टीतच आहे.

आणि लेवल हा गुणाकार आहे. रिसर्चमधून आलेला पोकेमॉन १५ लेवलचा असतो, त्याचा गुणक ०.५१७. तुझ्या मित्राचा ढगाळ दिवसात भेटला असणार, जंगली पोकेमॉन ३० पर्यंत भेटतो आणि हवामान त्याच्या बाजूनं असेल तर ३५ पर्यंत, मचॉप फायटिंग असल्यानं त्याला ढग चालतात. ३५ चा गुणक ०.७६२. आता कर गुणाकार. तुझा २४९ गुणिले ०.५१७ म्हणजे १२९ च्या आसपास. त्याचा २४३ गुणिले ०.७६२, १८५. एचपी तुझे ११४, त्याचे १६६. आता सांग कोण झोपणार.

बडी म्हणून चालवलं तर ३ किलोमीटरला मचॉपची एक कँडी मिळते, अटॅक वाढत नाही. बेस्ट बडी झाला, म्हणजे मैत्रीचे ३०० हार्ट झाले, तर सोबत असेपर्यंत एक लेवल वर धरला जातो, तेवढंच. बेरीनं काही नाही. वाढवायचा एकच रस्ता म्हणजे ते पॉवर अपचं बटन, डस्ट आणि कँडी.

मानेवाड्याचा_पोट्टा

काका दंडवत 🙏 म्हणजे दीड महिना मी फक्त फोनची बॅटरी फुगवत होतो. पण मग चार स्टारचा फायदा काय, आणि किती डस्ट लागेल? माझ्याकडं आता ४१,००० उरली.

प्रतापनगरची_ताई

जुना ट्रेनर दादांनी लेवलचं बरोबर सांगितलं पण एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. मूव्ह कोणत्या आहेत रे तुझ्या मचॅम्पच्या?

मानेवाड्याचा_पोट्टा

बुलेट पंच आणि हेवी स्लॅम. दुसरी उघडलेली रॉक स्लाइड आहे ताई.

प्रतापनगरची_ताई

वाटलंच होतं.

बघ, बुलेट पंच आणि हेवी स्लॅम या दोन्ही स्टीलच्या मूव्ह आहेत. तुझा पोकेमॉन फायटिंग. पोकेमॉननं स्वतःच्या टाइपची मूव्ह मारली की २० टक्के जास्त लागते, तो तुझा बोनस गेला. आता टायरानिटार आहे रॉक आणि डार्क. फायटिंग त्या दोघांवरही भारी, म्हणून १.६ दोनदा लागतो, १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. स्टील फक्त रॉकवर भारी आहे, डार्कवर साधीच, म्हणून १.६ वरच थांबते. फायटिंगला वरून तो २० टक्के बोनस, म्हणजे ३.०७. तीन विरुद्ध दीड झालं हे. लेवल वगैरे सगळं बाजूला ठेव, फक्त चुकीच्या मूव्हमुळं तू जवळजवळ अर्धी ताकद घरी ठेवून गेला होतास. माझ्या भाचीला मी नेहमी सांगते की पोकेमॉन पकडला की आधी मूव्ह बघ, स्टार नंतर, पण तिलाही आधी स्टारच दिसतात.

म्हणून डस्टला हात लावायच्या आधी बॅगेत बघ, फास्ट टीएम आणि चार्ज्ड टीएम पडल्या असतील, या मूव्ह बदलायच्या वस्तू आहेत, रेडमधून, म्हणजे मोठ्या पोकेमॉनशी मिळून करायच्या लढाईतून मिळतात. फास्ट टीएम लावून काउंटर आण, चार्ज्ड टीएम लावून डायनॅमिक पंच आण, दोन्ही फायटिंगच्या मूव्ह आहेत. चार्ज्ड लावताना गेम विचारेल दोनपैकी कोणती बदलायची, तेव्हा हेवी स्लॅम निवड. साध्या टीएममध्ये काय येईल ते नशीब, एक-दोन वाया जाऊ शकतात, पण इलिट टीएम, जिच्यात मूव्ह आपण निवडतो, ती मात्र यासाठी अजिबात उडवू नको, ती पुढं लागेल. याला एक कण डस्ट लागत नाही.

आता लेवलचा खर्च. १५ वरून ३० ला न्यायला ९६,४०० डस्ट आणि ८६ कँडी. ३० वरून ४० ला १,५०,००० डस्ट आणि १८२ कँडी. आणि मिळतं काय बघ, ३० ला तुझा अटॅक १२९ वरून १८२ होतो, सीपी १३१० चा बरोबर दुप्पट २६२०. ४० ला नेला तर १९७, सीपी ३०५६. म्हणजे पहिल्या लाखभरात ५३ पॉइंट आणि पुढच्या दीड लाखात १५. ४० च्या पुढं ५० पर्यंत अजून अडीच लाख डस्ट आणि २९६ एक्सएल कँडी, त्याचं नावही काढू नको. माझं स्पष्ट मत, नवीन माणसानं एक पोकेमॉन ५० ला नेण्यापेक्षा सहा पोकेमॉन ३० ला न्यावेत. रेडमध्ये सहाची टीम लागते, एकट्या पहिलवानाच्या जिवावर काही होत नाही.

आणि हो, तुला मित्राची जिरवायचीच असेल तर ३२ ला ने, तिथं दोघांचा अटॅक सारखा होतो, १८५. ३० च्या पुढं फक्त २२,००० डस्ट.

तर्री_जास्त

ताई तुम्ही माझ्या बाजूनं आहात का त्याच्या

खापरी_लोकल

डस्टचं मी सांगतो कारण माझा जन्म त्यातच चालला आहे. मी रोज सीताबर्डीवरून मेट्रोनं खापरीला जातो, मिहानमध्ये कामाला आहे, आणि जाता-येता पकडत राहतो. साधा पोकेमॉन पकडला की १०० डस्ट, हवामानाचा बोनस असेल तर १२५. एकदा इव्हॉल्व्ह झालेला पकडला तर ३००, दोनदा झालेला असेल तर ५००. म्हणून लोक जो मोठा पोकेमॉन दिसला की बॉल वाचवायला पळतात ना, ते चुकते. त्याच्यातच डस्ट जास्त. आणि तो कचऱ्याच्या थैलीसारखा ट्रबिश दिसला तर कधी सोडू नको, त्याचे ७५० भेटतात. दिसायला घाण आहे पण घरचा कर्ता माणूस तोच आहे.

९६,४०० भागिले १२५ केलं तर पावणेआठशे पोकेमॉन होतात. ऐकायला लय वाटते पण स्टार पीस लावला की अर्ध्या तासासाठी दीडपट. स्टार पीस असाच घरी सोफ्यावर बसून लावू नको, कम्युनिटी डे असते तेव्हा तीन तास पोकेमॉन नुसते उगवत असतात, त्या वेळेसाठी ठेव. मी एकदा स्टार पीस लावला आणि नेमका त्याच वेळी बॉसचा फोन आला, पंचवीस मिनिटं एक्सेलमधल्या चुका ऐकून घेतल्या, डस्ट भेटली ४५०. तेव्हापासून मी आधी फोन सायलेंट करतो मग स्टार पीस.

नागपूरच्या हवेचं पण डोक्यात ठेव. एप्रिल-मे मध्ये इथं दिवसभर सनी, म्हणजे फायर, ग्रास, ग्राउंड वाढलेले असतात, पण त्या उन्हात बाहेर पडून पोकेमॉन पकडण्यापेक्षा कूलरसमोर मरण बरं. खरी मजा पावसाळ्यात. पाणी पडलं की वॉटर, इलेक्ट्रिक, बग, आणि नुसते ढग असले की फायटिंग, फेअरी, पॉयझन. मचॉप ढगातच शोध, आणि मारायला पण ढगातच जा, त्या हवेत फायटिंग मूव्ह २० टक्के जास्त लागते. स्टीलला आणि आइसला बर्फ लागतो, ते आपल्या नशिबात नाही, नागपुरात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर भेटतो.

फक्त एक, गाडीवर बसून खेळू नका बे पोट्टेहो. वर्धा रोडवर एकाला मी स्वतः पाहिलं आहे एका हातानं बॉल फेकताना.

ग्रेट_लीग_वाला

इथं सगळे रेडवाले दिसतात म्हणून बोलतो. चार स्टारचा इतका उदो उदो करू नका. ग्रेट लीगमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत, सीपीची मर्यादा १५०० आहे, अल्ट्राला २५००. सीपी काढताना अटॅक पूर्ण धरला जातो आणि डिफेन्स, एचपी यांचं वर्गमूळ धरलं जातं. म्हणजे अटॅकचा एक पॉइंट सीपी जास्त खातो. म्हणून बहुतेक पोकेमॉनसाठी ०/१५/१५ सारखे आकडे असलेला त्याच १५०० मध्ये जास्त लेवलपर्यंत जाऊ शकतो आणि जास्त वेळ टिकतो. गेम ज्याला एखाद-दोन स्टार देऊन हिणवतो, तोच आमच्याकडं हिरा. मी लोकांनी फेकलेले पोकेमॉन ट्रेडमध्ये मागून घेतो, मला भंगारवाला म्हणतात, म्हणू द्या.

या भावाचा १५/१५/१५ वाला १३१० वर आहे, दोन-तीन पॉवर अप मारून ग्रेट लीगमध्ये टाकायची इच्छा होईल, टाकू नको. तिथं तो वाया आहे.

प्रतापनगरची_ताई

त्यानं लीगबद्दल विचारलंच कुठं होतं? पण मुद्दा बरोबर आहे. चार स्टार रेडसाठी किंवा मर्यादा नसलेल्या मास्टर लीगसाठी ठेवावा.

खापरी_लोकल

एक विचारायचं राहिलं. २०२५ मध्ये ते हायपर ट्रेनिंग आलं ना, बॉटल कॅपवालं? म्हणजे आता खरोखर ट्रेनिंग आहे की गेममध्ये. चांदीच्या झाकणानं एक स्टॅट आणि सोन्याच्या झाकणानं तिन्ही वाढवता येतात, मध्ये काही टास्क पूर्ण करावे लागतात. पोट्ट्याला ते का नाही सांगून राहिले?

जुना_ट्रेनर_२०१६

सांगायचं म्हणजे काय, त्यानं वाढतात तेच वरचे पंधरा. १५ च्या वर जागाच नाही. याचा मचॅम्प आधीच १५/१५/१५. अख्ख्या गेममध्ये ज्याला ट्रेनिंग देऊन काहीच होणार नाही असा एकच पोकेमॉन याच्याकडं आहे आणि दीड महिना हा त्यालाच ट्रेनिंग देत होता 😄

झाकणं सहज मिळत नाहीत, मिळालं तर एखाद्या दुर्मिळ लेजेंडरी पोकेमॉनसाठी ठेव. अटॅक १० चा १५ केलास तरी मचॅम्पला २४४ चे २४९ होतात, दोन टक्के.

मानेवाड्याचा_पोट्टा

काका म्हटलं होतं हसू नका 😭

बरं अजून एक, माझ्याकडं टीम रॉकेटवाल्याला (गेममधले खलनायक) हरवून भेटलेला एक शॅडो मचॉप पण आहे, १०/७/८, एकाच स्टारचा. त्याला प्युरिफाय, म्हणजे शुद्ध करून साधा पोकेमॉन करून घेऊ का? त्याचे डोळे लाल आहेत, बिचारा वाटते.

प्रतापनगरची_ताई

थांब!! हात लावू नको.

प्युरिफाय केल्यावर तिन्ही आकडे दोन-दोननं वाढतात, म्हणजे १२/९/१०, आणि शॅडोचा बोनस कायमचा जातो. तो बोनस म्हणजे २० टक्के जास्त अटॅक. मार पण जास्त खातो, ते आहे, पण रेडमध्ये मारणं महत्त्वाचं. हिशेब कर, २३४ अधिक १० म्हणजे २४४, त्याच्या १.२ पट, आणि ३० लेवलचा गुणक ०.७३२. येतात २१४. तुझा लाडका चार स्टारवाला ४० लेवलला जाऊन १९७ वर पोचतो. एका स्टारचा हा कळकट मचॉप ३० लाच त्याच्या पुढं आहे, आणि तू त्याला आंघोळ घालायला निघाला होतास.

दोन अडचणी. शॅडोला पॉवर अप करायला २० टक्के जास्त खर्च येतो. आणि त्याची चार्ज्ड मूव्ह फ्रस्ट्रेशन असते, ती साध्या दिवशी टीएमनं जात नाही, रॉकेटचे खास इव्हेंट येतात तेवढ्या दिवसांतच काढता येते. तोपर्यंत पेटीत ठेव. दया दाखवायची तर तेरा-तेरा-तेरा किंवा त्याच्या वरचा एखादा सापडला की त्याला दाखव, दोन-दोन वाढून तो थेट चार स्टार होतो.

जुना_ट्रेनर_२०१६

ताईंना अनुमोदन.

पोरा, माझ्याकडं एक वस्तू पडून आहे. २०१६ च्या जुलैचा मचॉप. आपल्याकडं गेम अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, पण आम्ही जुलैतच एपीके (बाहेरून उतरवलेली ॲपची फाइल) टाकून सुरू झालो होतो, तेव्हाचा. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये पकडलेला पोकेमॉन ट्रेड केला आणि घेणाऱ्याकडं असे फार झाले नसतील, तर तो हमखास लकी होतो. लकी म्हणजे तिन्ही आकडे किमान १२ आणि पॉवर अपची डस्ट निम्मी. मी त्याला आधी मचोक (मचॉप आणि मचॅम्पच्या मधलं रूप) करून देतो, २५ कँडी माझ्या जातील. ट्रेडमध्ये आलेल्या मचोकचा मचॅम्प करायला मग तुझी एकही कँडी लागणार नाही, एरवी १०० लागतात. रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर असतो मी, नातीला भुट्टा खायला घेऊन येतो. आपल्याला ट्रेडला १०० मीटरच्या आत असावं लागेल, तेव्हा घरून फोन करून चालणार नाही.

तर्री_जास्त

काका मी पण येऊ का, माझं पण कोणी नाही

मानेवाड्याचा_पोट्टा

अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

फास्ट टीएम दोन होत्या, पहिल्याच टीएमला काउंटर आला. चार्ज्डला तीन गेल्या, पहिल्यात क्लोज कॉम्बॅट आला होता, मित्र म्हणे राहू दे, मी ताईंचं ऐकून पुढं गेलो आणि तिसऱ्यात डायनॅमिक पंच. ४१,००० मधली डस्ट लावून २२ लेवलच्या पुढं आणला, पूर्ण संपवली नाही, खापरी दादांचं वाचून ट्रबिश शोधत फिरलो, आता घरचे विचारतात की हा कचऱ्याचा फोटो पाहून खुश काऊन होते.

रविवारी ढग होते. जिमवर परत कोणाचा तरी टायरानिटार होता, तोच असेल की दुसरा माहीत नाही, पण पडला. माझाच मचॅम्प, तोच चार स्टारवाला, शेवटी अर्ध्याहून जास्त एचपी शिल्लक होता. मित्राला व्हिडिओ काढायला सांगितला होता तर यानं स्वतःच्या अंगठ्याचा काढला.

काका भेटले. ट्रेड केला, स्क्रीनवर सोनेरी चमकलं तेव्हा काकांची नात माझ्यापेक्षा जोरात ओरडली. १२/१४/१३ आला. मचोकच्या पानावर खाली तारीख दिसते, जुलै २०१६. मी तेव्हा तिसरीत होतो. काकांना विचारलं कुठं पकडला होता, तर म्हणे कॉटन मार्केटमध्ये, एका हातात वांग्याची पिशवी होती आणि भाजीवाला सुटे पैसे मागून राहिला होता. मचॅम्प केला, एक कँडी लागली नाही, आणि बटन दाबलं तर खरंच निम्मीच डस्ट कापली गेली. याला आता ३० पर्यंत नेतो, शॅडोवाला पेटीत आहे, आंघोळ घातलेली नाही.

तर्री_जास्त

काका आणि मला?

जुना_ट्रेनर_२०१६

आहे ना. त्याच जुलैचा अजून एक शिल्लक आहे, तो पण लकी होईल. रॅटाटा, तो गल्लोगल्ली भेटणारा उंदीर.